गाडीतळाजवळचा दगड

मुकादम म्हणाला, अक्षरं तेवढी उजळून दे,
अक्षरामागे चार रुपये.
आधी पानाची पिंक खरवडली,
मग केबलवाल्यांनी ठोकलेला खिळा उपटला.

गोलंदाज पथक. तोफा अकरा.
सन अठराशे दोन, ऐन दिवाळी.
सुभानजी, येसू लोणारी, मुसा, रायाप्पा,
आणि एक अर्धंच नाव, नुसतं ‘बाजी’,
पुढचं खिळ्यानं खाल्लेलं.
बैलांची नावं नाहीत.
एकेका तोफेला किती जोड्या लागल्या असतील, देव जाणे.

चौथ्या ओळीत ‘लढले’ आहे.
त्याच्या आधीचा शब्द
कुणीतरी छिन्नीनं काढून टाकलाय.
कोणाशी?
बोट फिरवलं. गुळगुळीत खळगा,
अंगठा बसेल एवढा.

मागे सासवडची बस वळत होती,
धुरळा ओल्या रंगावर बसला.
माझी आई इंदूरची.
बाप ग्वाल्हेरहून पाट्या रंगवत इथवर आलेला.
घरात दोघं कधी या दगडाबद्दल बोलले नाहीत,
भांडायला त्यांना बाकी पुष्कळ होतं.

संध्याकाळी मुकादमानं मोबाईलवर फोटो काढला.
इथं एक राहिलं की रे.
म्हटलं, राहिलं नाही साहेब,
मोजून घ्या,
त्याचे पैसे लावलेले नाहीत.