चौदा नंबरची सुई

मोएआता, तुझ्या सुया अजून माझ्याकडेच आहेत.
म्हणजे होत्या, परवापर्यंत.
कॉफीच्या डब्यात, तांदळात खुपसून,
गंजू नयेत म्हणून.

तुमच्या बेटाला नकाशात नाव होतं,
आकार नव्हता. पेन्सिलीचं टोक टेकलं की झाकलं जायचं.
एकोणिसाव्या दिवशी आधी माड दिसले,
जमिनीविना, थेट पाण्यातून उगवल्यासारखे,
मग प्रवाळातली खिंड, आणि खिंडीतून
उकळत बाहेर येणारी ओहोटी.
आमच्या सुकाणूची खीळ तुटलेली.
दोरांनी आवळलेलं सुकाणू
दुखऱ्या दाढेसारखं हलत होतं.

तुनुई होडी घेऊन आला. बोलला काहीच नाही.
हात वर करून आम्हाला थांबवलं,
पाणी थबकेपर्यंत सिगरेट ओढत बसला,
आणि मग असं आत नेलं
जसं कुणी आंधळ्याला उंबरा ओलांडून नेतं.

खीळ त्यानं मिकीमिकीच्या लाकडाची केली.
दोन दिवस कोयत्यानं, एक दिवस काचेच्या तुकड्यानं.
लोखंड रडतं, म्हणाला, हे नाही रडत.
पैसे पुढे केले तर हसून
माझी मूठ परत मिटवली.
तेव्हा तू आतून शिवणयंत्र आणलंस
आणि सुईची रिकामी जागा दाखवलीस.

माझ्याकडे होत्या त्या अठरा नंबरच्या, शिडाच्या.
तू एक लावून पाहिलीस.
पातळ, फुलाफुलांच्या कापडाला
खिळे ठोकल्यासारखी भोकं पडली.
तू कापड उजेडात धरलंस,
भोकांतून समुद्र बघितलास
आणि इतकी हसलीस
की अंगणातलं डुक्कर उठून बसलं.
चौदा नंबरच्या पाठवते, मी म्हटलं.
नक्की, म्हटलं. तीनदा म्हटलं.

घेतल्यासुद्धा. पुढच्याच बंदरात, बारा सुयांचं पाकीट.
पण मोएआता, इकडे सगळे पश्चिमेलाच जातात.
वारा पाठीशी, शीड फुगलेलं, मासा गळाला.
पूर्वेला तोंड करून चारशे मैल
लाटांच्या थपडा खाणारं कुणी भेटत नाही.
मग चारशेचे सहाशे झाले. मग नऊशे.
डेन्मार्कचं एक जोडपं नकाशा बघून म्हणालं,
अगं, उलटं आहे ते.
एकटा फिरणारा एक म्हातारा म्हणाला,
पुढच्या जन्मी.

शब्द वाऱ्यावर सोडू नये म्हणतात.
मी सोडला नाही, वाराच मला घेऊन गेला,
असं म्हणायला सोपं आहे.
खरं तर तिसऱ्या बेटानंतर
मी विचारायचंच विसरू लागले.

परवा खोबऱ्याच्या जहाजावरच्या खानसाम्याला दिल्या.
जहाज तुमच्या बाजूला जातं म्हणे, वर्षातून दोनदा,
कधी एकदा, कधी नाहीच.
त्यानं पाकीट खिशात टाकलं,
ज्या खिशात लसूण होता.

तू एव्हाना दुसरी सुई मिळवली असशील.
किंवा हातानंच शिवत असशील,
किंवा ते भोकांचं कापड खिडकीला लावलं असशील
आणि दुपारी भिंतीवर
उजेडाचे ठिपके हलत असतील.

रात्रीच्या पहाऱ्याला मी एकटी असते.
लाट मागून येते, बोट उचलते, ठेवते.
पायाखाली कुठेतरी तुनुईची खीळ
एकदा कुरकुरते
आणि धरून ठेवते.