संदर्भ क्रमांक

सकाळची फेरी झाली, दुपारची व्हायची आहे.
शाळेमागच्या लॉटमध्ये पिवळी बस उभी,
इंजिन बंद. उभ्या बसनं डिझेल जाळायचं नाही,
डेपोचा नियम.
बाहेर उणे एकोणीस. खाली, डुलूथचे उतार संपतात तिथे,
सरोवर कडेकडेनं पांढरं झालेलं,
आणि स्टिअरिंगला टेकवलेल्या फोनात
एकच पियानो, सत्तावीस मिनिटं.

आयला कोस्केला थांबली आहे.
बारा आठवडे झाले.
डेलला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे,
आणि आता टेरेन्स नावाच्या एका आवाजाला,
ज्यानं नाव विचारायच्या आधी
मेंबर नंबर विचारला.

जन्मतारीख? तीन सप्टेंबर.
बाळाची तारीख? तेवीस ऑगस्ट.
कीबोर्ड वाजतो, बर्फावरून पाखरू चालावं तसा,
मग थांबतो. घोडं इथेच अडतं, हे तिला कळतं.
'मॅडम, बाळंतपणाच्या दिवशी पस्तीस पूर्ण हवीत,
मग ही रक्तचाचणी पॉलिसीत बसते.'
तो मोजू लागतो. ती मोजून बसलेली.
अकरा दिवस.

अकरा दिवसांनी तरुण पडली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी
तरुण म्हणालं, तेही बिलासकट.
नऊ महिने नऊ दिवस म्हणायची रीत आहे;
वरचे नऊ धरले
तरी दोन उरतातच.

'आणि उशिरा आलं तर?
माझा नवरा सोळा दिवस उशिरा आला होता.
अजूनही उशिराच येतो.'
टेरेन्स हसत नाही. कॉल रेकॉर्ड होत असावा.
'रक्त आत्ता द्यायचंय, मॅडम.
उशीर ऑगस्टात कळेल.'

मग जरा खालच्या आवाजात:
डॉक्टरांनी दुसरा कोड टाकला तर बघता येईल.
कारण लागेल. घराण्यात काही?

मावशीचा एक मुलगा होता.
एकाच फोटोत आहे, धक्क्यावर, दोन्ही हातांनी
मासा धरलेला, माशापेक्षा जास्त चकित.
त्याला काय होतं, कुणी बोललं नाही.
'नाजूक' म्हणायचे.
टेरेन्स शोधतो. 'नाजूक'ला कोड नाही.

कदाचित मंजूर होईल. कदाचित नाही.
'आणि मी सांगतोय ते म्हणजे
पैसे देण्याचं वचन नव्हे, मॅडम.'
तळ्यात. मळ्यात. तळ्यात.
नाहीतर पदरमोड करायची,
आणि अंगात तर डेलचा जुना पार्का,
ज्याची चेनसुद्धा आता पोटावर लागत नाही.

'संदर्भ क्रमांक लिहून घ्या.'
पेनातली शाई थिजलेली.
हरवलेल्या हातमोज्यांच्या खोक्यात
एक हिरवा खडू होता; तोही तुटका, कागद नाहीच.
समोरच्या काचेवर तिच्याच श्वासाचं दव गोठलं होतं,
तिनं नखानं त्यावर कोरलं:
चौदा आकडे, एका ओळीत, उजवीकडे उतरत गेलेले.

अडीच वाजता घंटा. पोरं धडाधड चढली.
काच पुसल्याशिवाय बस हलत नाही
आणि हीटर खालून वर येतो,
आकड्यांचे पाय आधी विरघळतात.
पहिल्या सीटवर ऑगी लिंडक्विस्ट, तो रोजच
दिसेल तो आकडा मोठ्यानं वाचतो,
घरांचे, गाड्यांचे, बर्फ काढणाऱ्या ट्रकांचे,
प्रत्येकाला थोडा वेळ देऊन,
जिभेवर नीट बसवून.
आज काच वाचली.

'परत म्हण, ऑगी.'
त्यानं म्हटले. चौथ्या उतारावर परत म्हटले.
ती मनात मागून म्हणत गेली,
लाल दिव्यापाशी, पुलापाशी,
काच आता स्वच्छ, तिच्यात नुसता रस्ता.
'शेवटचा कोणता? आठ की तीन?'

ऑगीचं घर आलं. दार उघडलं, थंडी आत आली.
तो पायरीवर थांबला. विचार करायला
त्याला लागतो तेवढा वेळ घेतला,
मागच्या गाड्या ताटकळल्या, तिनं लाल पाटी उघडीच ठेवली.

'अर्धा वितळला होता,' तो म्हणाला.
'तीन असेल.
पण मला आठ आवडतो.'