मेंढ्यांची यादी

बाहेर कोंडवाड्यात मेंढ्या, पाऊस आडवा,
शेजारी कात्र्या घेऊन खोळंबलेत.
आत सुन्व्होर, ओल्या बुटांनिशी,
बापाच्या कॉम्प्युटरपुढे.

न्यू फोल्डर. न्यू फोल्डर दोन.
त्यात ‘नंतर बघू’,
त्यात इंजिनाचे एकोणीस फोटो,
एकही सरळ नाही.

‘मेंढ्या’ शोधलं. शून्य.
‘यादी’. शून्य.
बाप ग्रीनलंडच्या पाण्यात, फोन लागत नाही.

मग फ्रीजवरच्या त्याच्या चिठ्ठीकडे लक्ष गेलं :
‘मेंड्यांना चारा घाल.’
शाळेत मी ढ होतो, म्हणायचा,
आणि नेमका ढच त्याला कधी जमला नाही.

तिने बापासारखं चुकून पाहिलं : मेंड्या.

एकशे बारा कान उघडले पडद्यावर.
खिडकी ढकलून ती ओरडली,
‘डाव्या कानाला दुहेरी खाच, ती आपली!’