उलट्या बाजूनं

जुन्या डब्याचा पत्रा भंगारात गेला, पंचवीस रुपये किलोनं.
मदरबोर्ड मग आठ दिवस
वर्तमानपत्रावर उघडाच होता.
आई झाडू मारताना त्याला वळसा घालायची,
तान्हं निजलंय अशी.

"कशाला करायलीस हे, वनू? चालत होता की डबा."
होता. चालत होता.

अ‍ॅक्रिलिक खदीरमामूंकडचं,
कुठल्याशा दवाखान्याच्या पाटीतून उरलेलं,
पाच एमएम, दोन्ही अंगांना खाकी कागद.
कागद शेवटपर्यंत सोलायचा नाही, मामू म्हणाले,
ही काच दिसते, पण नख लागलं तरी लक्षात ठेवते.

एप्रिल. गंगाखेड रोडवर दुपारी कुत्रंही नाही.
पातं जोरात ओढलं की कड तापते, वितळते,
आणि कापलेलं मागच्या मागे पुन्हा चिकटतं.
रडूच आलं मला त्या गोष्टीचं.
मग लोटीनं पाणी सोडत, बोटभर कापायचं,
थांबायचं,
बोटभर कापायचं.

पंख्याचा गोल आमटीच्या वाटीनं आखला.
वाटी लहान निघाली. दुसरी घेतली.
ड्रिलखाली फळी धरायची असते.
तीन भोकांना धरली, चौथ्याला नाही.
टक्.

मामूंनी तडा उन्हाकडे धरून पाहिला,
"बनी तो बनी, नै तो परभणी,"
आणि नवा तुकडा मोजायला घेतला.
पैसे लावले मात्र.

सांध्याला क्लोरोफॉर्म, इंजेक्शनच्या सिरिंजमधून.
थेंब फटीतून असा धावतो
की दोन्ही कडांना कळायच्या आत
त्या एक होतात.
आम्ही दोघं ओढणी नाकाला लावून, डोळ्यांत पाणी,
मामूंना माझी फुलाफुलांची दिली होती.

खाली थंड हवा आत, वर गरम बाहेर,
आत येणाऱ्या पंख्यावर जुन्या मलमलीची चाळण,
कारण इथली काळी माती
खिडकी लावली तरी घरात राहते.

दिव्यांची पट्टी दर तीन दिव्यांनी कापता येते.
निळी नको म्हटलं, निळी प्रत्येक डीजेवर असते.
लिंबाच्या कोवळ्या पाल्याच्या रंगाची घेतली.
पिवळी वायर, काळी वायर,
उलटी लागली तर काहीच होत नाही, फक्त अंधार,
एवढी समजूतदार वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

बाजूच्या फळीवर एक वेल कोरून द्या म्हटलं, बस्स.
मामू पाठ करून बसले तासभर.
ब्रश सुटल्यापासून,
गावातल्या पाट्या फ्लेक्सवर गेल्यापासून,
त्यांचा हात असा गप्प मी पाहिला नव्हता.
आतल्या अंगानं कोरलेलं,
मला नुसते पांढरे ओरखडे दिसले.

संध्याकाळी कागद सोलला. बटण दाबलं.
उजेड फळीच्या कडेतून शिरला
आणि दिसेचना.
साफ काचेतून तो न बोलता पलीकडे जातो,
जिथं खरवडलंय तिथंच थांबतो.
आधी देठ पेटला. मग पानं. एक पान वाकडं.
आणि खाली कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरांत,
नूर आर्ट्स, परभणी,
शेजारी सहा आकडी फोन नंबर,
जो कापून बारा वर्षं झाली.

"मामू, हे उलटं लिहिलं कसं?"
"अपना लिखना तो उधरसेइच है, बेटे."
आणि नंबर?
"हात को आदत है."

पोलीस भरतीचा फॉर्म भरायला आलेला
गोविंदपूरकरांचा तुषार
फॉर्म सोडून गुडघ्यावर बसला, वाचत.
"हा नंबर लागतो का? बुलेटची प्लेट करायचीय,
अशीच, आतून पेटणारी."

लाइट गेली.
यूपीएस ओरडायला लागला, चार मिनिटं असतात,
मी भराभर सेव्ह करत होते,
आणि त्या पालवी उजेडात
मामूंनी कानामागची पेन्सिल काढली.
"गाडी का नंबर बोल."