मागच्या सायकलवरून

नंदुरबार सोडलं तेव्हा उजाडलंही नव्हतं,
पथारीवर मिरची मात्र जागी होती,
एकरभर लाल,
आणि तोंडाला फडकी बांधलेल्या बाया तिच्यात वाकलेल्या.
आम्ही नऊ जण शिंकत गेलो.
माइआलेन थांबली, एक पाय जमिनीवर टेकून.
म्हणाली, आमच्याकडे हिच्या माळा करतात,
घराच्या तोंडावर टांगतात.
युसूफ पिंजारी म्हणाला, एवढी टांगायला
तेवढं घर कुठून आणू?

साक्रीकडच्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करते ती.
स्पेनची म्हटलं की भुवई चढते.
बास्क, म्हणते. बास्क.
हर्षल गिरासेला ते लगेच पटलं.
पुण्यात तीन वर्षं त्याच्या अहिराणीला
सगळे हसले होते.

शहादा. म्हसावद. कागदात गुंडाळलेल्या पपया,
उसाची ट्रॉली, तिच्या मागे धूळ खात मी.
महावितरणात एकतीस वर्षं
लोकांची चुकलेली बिलं नीट केली,
निवृत्तीच्या पैशात ही गिअरची सायकल घेतली,
आणि आता सगळ्यांच्या मागे असते.
मागे असलं की पाठी दिसतात:
कोण उभा राहून पायडल मारतो,
कोण उगाच चेन बघायला उतरतो.

राणीपूरनंतर रस्ता अंगावर येतो.
वळणं मोजू नका, दिलवर पावराने बजावलं होतं.
मी मोजली.
अठराव्याला सोडलं
आणि सायकल हातात धरून चालले,
सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडत.
तिथे एक म्हातारी, गोणपाटावर
गेल्या उन्हाळ्यातला आमचूर.
माइआलेनने एक फोड जिभेवर ठेवली,
डोळे मिटले, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.
म्हातारी माझ्याकडे बघून हसली,
जणू तिला झाड आधीपासून माहीत होतं
आणि पोरगी आता कळली.

तोरणमाळला तळ्याकाठी थंडी पाण्यावरून आली.
यादव झोपेंचा टेम्पो आधीच पोचलेला:
बामणोदची वांगी, हिरवी, लांब, पोटऱ्यांएवढी,
कळण्याचं पीठ, कांद्याची पात, आणि बडगी,
जी झोपे दुसऱ्या कुणाला धुऊ देत नाहीत.
पराट्या पेटल्या. वांग्यांची सालं फुटू लागली.

माइआलेन सांगत होती,
तिच्या गावात पुरुषांचं एक स्वयंपाकघर आहे,
किल्ली प्रत्येकाच्या खिशात,
तेल-दारू जेवढी वापरली तेवढी वहीत लिहायची,
आजोबा तिथे चाळीस वर्षं मासा रांधत होते
आणि आजीने ती चूल कधी पाहिली नाही.
झोपे बडगीत वांगी कुटत म्हणाले,
हे तर आमचंच झालं,
फक्त वही नाही.

मी सवयीने उठले. लसूण सोलायला हात गेला.
हर्षलने ताट काढून घेतलं:
बठ माय, आज तुले काईज करनं नई.
बसले.
बसायचं कसं ते जरा वेळ आठवेना.
हात मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर,
मग हँडलच्या घट्ट्यांकडे बघत राहिले.

तिने पिशवीतून बाटली काढली,
शिरक्यात बुडालेल्या लांब मिरच्या,
आईने कोनाड्यातून उचलून दिलेल्या.
युसूफने एक खाल्ली, दुसरी खाल्ली,
म्हणाला, ही मिरची आहे की काकडी?
तरी तिसरी घेतली.
भरीत तिने हातानेच खाल्लं,
नाकातून पाणी, गालावर राख,
आणि तोंडात तिच्या भाषेतला एक शब्द,
जो कुणी विचारला नाही.

माझ्या ताटात पहिला घास.
धूर बरोबर. तिखट बरोबर.
मीठ कमी होतं.
चार डोळे माझ्याकडे लागलेले,
झोपेंचे, हर्षलचे.
एकतीस वर्षं मी चूक दिसली की लाल शाई घेतली.
म्हटलं, वाढा अजून.