साडेअकरापर्यंत

बेसाच्या लेआउटमध्ये तिसरा प्लॉट आमचा.
वर चार बोटं काळी, खाली नुसता मुरूम,
पहार मारली की ठिणगी.
दोनदा लॉन लावलं, दोन्ही वेळा नवतपानं नेलं;
टँकरवाल्याचे पैसे तेवढे मागे राहिले.

बोकडेंनी अंगणभर गट्टू बसवले.
"तुम्हीही करून टाका न बाप्पा, झंझटच नाही."

मी घोगलीच्या माळावर गेलो.
सिमेंट रोडची चुन्याची रेघ पडली होती,
रेघेच्या आत विष्णुक्रांत पसरलेली.
उपटू म्हटलं तर निघेना :
वर वीतभर वेल, खाली हातभर मूळ.
शेवटी बी आणलं, बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत.

पहिलं वर्ष काही नाही.
दुसऱ्या वर्षी आठ-दहा रोपं, राखट, केसाळ, जमिनीला चिकटून.
मे महिन्यात तीही गेली असं वाटलं.
सुतळी जळल्यासारखा गुंता तेवढा उरला.
उकंडा खराटा घेऊन उभा, "कचरा काढून टाकू काय साहेब?"
"राहू दे."
"काय राहू देऊ याच्यात?"
मलाही सांगता आलं नाही.

श्रावण सरता सरता अंगण भरलं.
फुलं निळी, शर्टाच्या गुंडीहून लहान,
सातला उघडतात, साडेअकराला मिटून जातात.
आणि आमच्याकडे माणसं येतात संध्याकाळी.
कप हातात घेऊन वाकतात, "कुठी आहेत फुलं?"
पानं दाखवतो. पानांकडे कोण पाहतं?
सासुरवाडीत आता याला
जावयाचा अदृश्य बगीचा म्हणतात.

मारबतीच्या दिवशी सकाळी
फाटकापाशी स्कूटी बंद झाली.
मेडिकलची रात्रपाळी करून आलेली प्रणोती मेश्राम,
डोळे तांबारलेले, गळ्यात अजून ओळखपत्र.
"काका, हे काय सांडलं?"
सांडलं नाही, म्हटलं, उगवलं.
ती उकिडवी बसली. बराच वेळ बसली.
वॉर्डात रात्री काय झालं ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
मग उठता उठता म्हणाली, "थोडं बी द्याल?
तिसऱ्या मजल्यावर आहो आम्ही,
खिडकीत कूलरच्या स्टँडवर जागा आहे."

डबी दिली.
जिन्यापर्यंत गेली तेव्हा आठवलं, ओरडून सांगितलं :
कूलरखाली नको ठेवू गं,
पाणी जास्त झालं की कुजते ती.