कानाच्या रोखानं

पहाटे कळंब्याच्या बांधावर जीपचे दिवे विझले
आणि झोरे म्हणाले, "बोलू नगा."
मी बोलतच नव्हतो.
इचलकरंजीत पस्तीस वर्षं मागावर काढलेला माणूस
खुणेनं बोलतो, ओठांवरचं वाचतो.
धोटा प्रत्येक फेरीला कानातलं थोडं थोडं घेऊन जातो.

लेकीनं नाव घातलं होतं सहलीत.
"बाबा, जरा पाखरं ऐकून या."
तिला कधी सांगितलं नाही,
की बारीक आवाज माझ्याकडं येता येताच तुटतात,
ताण्यातला धागा तुटावा तसे,
आणि गाठ मारायला टोकही सापडत नाही.

पाणी आधी काळं, मग शिशाचं,
मग धुतल्या मांजरपाटासारखं.
जलपर्णीवरून एक कमळपक्षी चालला
लांब बोटं पसरून, ओल्या फरशीवर
सासू बघतेय म्हणून चालावं तसा.
काठावरचा वंचक हललाच नाही.
पुण्याच्या डॉक्टर जोडप्यानं त्याचे साठ फोटो काढले,
साठही सारखेच.

यादी कागलची आफरीन लिहीत होती, मुजावरांची,
बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.
तिच्या लक्षात कसं आलं कोण जाणे,
दाजीपूरच्या रानात शिरल्यावर
तिनं वही माझ्यापुढं धरली:
"कुटुर्र् कुटुर्र् कुटुर्र्. कुटुरगा. थांबतच नाही."
पान उलटून:
"शीळ. न्हावी दुकान उघडताना घालतो तसली.
सूर आहे, गाणं नाही. कस्तूर."
मी वाचत गेलो.
अख्खं रान तिच्या तिरप्या अक्षरात.

गव्याच्या शेणावर अजून वाफ होती.
झोरे पुढं, धनगरवाड्यावरचे, सत्तरीला टेकलेले,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
डॉक्टरांना ते दिसलं नाही. (डॉक्टर दातांचे.)
मला दिसलं. वाट ते तळव्यांनी चाचपत होते,
आणि बोट दाखवतील तिथं पाखरू नसायचं,
हातभर इकडं, नाहीतर हातभर तिकडं.
मान मात्र चुकत नव्हती.
वळायची, थांबायची, नेमकी तिथंच.
मी बोटाकडं बघायचं सोडून दिलं.
कानाच्या रोखानं बघत गेलो.

"कर्णा," ते पुटपुटले. मी ओठांवरून उचललं.
बांबूच्या बेटात, पाठमोरा,
वाळल्या पानाच्या रंगाचा.
कॅमेरे भलतीकडंच.
मग त्यानं अंग वळवलं.

झोऱ्यांनी तोंड माझ्यासमोर आणलं,
सावकाश विचारलं, "पोट कसलं हाय आता?"
मी त्या 'आता'वर अडकलो.
म्हटलं, डोकं काळं. गळ्याखाली पांढरी किनार,
करंगळीएवढी.
त्याच्या खाली लाल.
"कसला लाल?"
असला लाल आम्ही एकदाच काढला, चौऱ्याऐंशी साली,
ऐन लग्नसराईत.
पहिल्याच धुण्यात उतरला, गठ्ठेच्या गठ्ठे परत आले.
"ह्यो उतरत न्हाई," झोरे म्हणाले,
आणि हसले. पुढचे दोन दात नव्हते.

परतताना डोक्यावरून काहीतरी गेलं.
मी वर बघितलं. झोऱ्यांच्याही आधी.
जाड, दमदार आवाज पंखांचा,
शेडमध्ये सकाळचा पहिला पट्टा ओढ घेतो तसा,
कानांत कमी, बरगड्यांत जास्त.
"धनेश!" आफरीननं वही उघडली.
मी तिच्या पेनावर हात ठेवला.
हे आलं, म्हटलं. हे पोचलं.

चहाच्या टपरीवर डॉक्टरांनी पैसे चुकते केले.
झोऱ्यांनी एकेक नोट अंगठ्यानं चाचपली,
कडेपासून कडेपर्यंत.
मी तेवढा वेळ
तारेवरच्या कोतवालाकडं बघत राहिलो.